शेजारच्या सीटचा ब्रेक

मी, मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा मालक व शिक्षक, ज्याला या गल्लीत आणि परीक्षेच्या मैदानावर सगळे नुसते ‘मास्तर’ म्हणतात, आपल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, जेवणाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर थोडे वाकडे येते, ते वयामुळे. दडपण कोणाचे नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात कायद्याची चूक नव्हती. ते लिहिणारा माणूस स्वतःला फार शहाणा समजत होता, एवढेच.

मी पूर्ण शुद्धीत आहे हे शपथेवर सांगतो. माझे निर्णय बरोबर आहेत असे मात्र आता शपथेवर सांगवत नाही. उभा जन्म लोकांच्या चुका दाखवण्यात गेला. मन आधी निकाल देऊन मोकळे होते आणि पुरावे मागाहून गोळा करत बसते, हे मला फार उशिरा कळले. तोवर ज्यांना सांगायचे ती माणसे दूर गेली होती.

मला दोन मुले. थोरली मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करते. माझ्याशी ती औषधे, जेवण आणि बसची वेळ यांपलीकडे बोलत नाही. धाकटा मुलगा माझ्याजवळ राहतो आणि स्कूलचे ऑफिस सांभाळतो. त्यांची आई, माझी बायको, आता नाही. हे मृत्युपत्र मी खरे तर पाचव्या कलमासाठी लिहायला घेतले. थोरलीच्या मनात तिच्या स्वतःबद्दलची एक खोटी गोष्ट मी रुजवली आहे. मी जाण्याआधी ती गोष्ट तिथून निघावी, एवढीच माझी धडपड आहे. बाकीची कलमे कायद्यासाठी आहेत. पण म्हाताऱ्याच्या हाती पेन लागले की तो कायद्यापुरते थोडाच लिहितो!

कलम १. ड्रायव्हिंग स्कूल, त्याचा परवाना, दारावरचा फलक, शिकवण्याच्या गाड्या आणि भिंतीवरचे वाहतुकीच्या खुणांचे तक्ते मी धाकट्याला देतो. तो बोलघेवडा आहे, गिऱ्हाईक त्याच्यावर खूश असते. गाडी मात्र तो बेताचीच चालवतो. हे वाचून त्याला राग येईल, येऊ दे. मीच त्याला लहानपणापासून ‘हा अगदी माझ्यावर गेलाय’ म्हणून डोक्यावर घेतले. तो शिकत असताना त्याने आमच्या फाटकाला गाडी घासली, तेव्हा मी म्हणालो, “फाटकच अरुंद आहे,” आणि गवंडी बोलावून फाटक रुंद करून घेतले. त्याच अरुंद फाटकातून थोरली त्याच्या आधी कितीदा तरी गाडी न घासता बाहेर काढायची. तेव्हा मी म्हणायचो, “नशीब तुझं, थोडक्यात वाचलीस.” त्याची चूक फाटकाची आणि तिचे कसब नशिबाचे, असा माझा न्याय होता. हे दोन्ही निकाल मी एकाच खुर्चीत बसून दिले आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही.

धाकट्याला एकच सूचना. परवाना हातात पडला की प्रत्येक शिकाऊला वाटते, आपण चारचौघांपेक्षा बरी चालवतो. त्याला हसू नये. शिकवणाऱ्यालाही तसेच वाटत असते.

कलम २. टायर कंपनीचे शेअर. ही कंपनी बुडीत निघते आहे हे मला ठाऊक आहे, धाकट्याला ठाऊक आहे, आणि आमच्या बँकेच्या दारातल्या रखवालदारालाही ठाऊक असावे. तरी मी विकले नाहीत. विकले की तोटा खरा होतो. ठेवले की तो नुसता कागदावर राहतो, अशी माझी समजूत. घसरणीची बातमी आली की मी पेपर मिटायचो आणि जरा चढल्याची आली की कात्रण काढून ठेवायचो. माझ्या पश्चात हे शेअर येईल त्या भावाने विकावेत. ‘बाबांनी केवढ्याला घेतले होते’ हे कोणी कोणाला विचारू नये. त्या आकड्याचा आता कशाशी काही संबंध नाही. माझा मात्र त्या आकड्याशी जन्मभर होता. येतील ते पैसे दोघा मुलांत सारखे वाटावेत.

कलम ३. आमच्या शेजारच्या दंतवैद्यांना मी माझी क्षमायाचना देतो. दुसरे देण्यासारखे त्यांच्या उपयोगाचे माझ्याकडे काही नाही. फार वर्षांपूर्वी माझ्या उभ्या गाडीचा आरसा कोणीतरी तोडला. सकाळीच त्यांच्याशी गाडी लावण्यावरून बाचाबाची झाली होती, तेव्हा आरसा त्यांनीच तोडला, ही माझी खूणगाठ बसली. मग ते हसले तर मला टोमणा वाटे, न हसले तर मनात पाप आहे असे वाटे. दाढ ठणकत असताना मी गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याकडे ती उपटून घ्यायला गेलो, आणि त्याने दुखरी सोडून चांगली दाढ उपटली. साक्षीदार व्हा, असे विचारायला परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा धीर करून आरशाचे विचारले. ते म्हणाले, “मास्तर, कसला आरसा?” त्यांना मुळात काही आठवतच नव्हते. खरे सांगायचे तर त्यानंतरही माझ्या मनाने हळूच म्हटले की, बघ, कसा साळसूद बनतोय. मन इतके कोडगे असते.

कलम ४. हत्यारे. पान्यांचा संच, जॅक, हवेचा पंप आणि माझ्या गॅरेजातले जे काही असेल ते गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीला द्यावे. त्याच्या एका वाक्याने माझे डोळे उघडले, ते इथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढचे कलम त्यावाचून समजणार नाही.

ज्यांनी कधी शिकवणी लावली नाही त्यांच्यासाठी: आमच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकाऊच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटवर बसणाऱ्या शिक्षकाच्या पायाशी. शिकाऊ चुकला की शिक्षकाने दाबायचा. हा दुसरा ब्रेक म्हणजे माझी सगळी मिजास. समोर सायकल आली, कुत्रे आडवे गेले, सिग्नल लाल झाला की माझा पाय जायचा, गाडी थांबायची आणि मी म्हणायचो, “बघितलंस? मी नसतो तर काय झालं असतं?” शिकाऊ बिचारा घाम पुसत म्हणायचा, “हो मास्तर.” कोणाला किती वेळा वाचवावे लागले, यावरून कोण किती कच्चा हे मी ठरवायचो. हे माप मला इतके पक्के वाटायचे की त्यावर कोणी शंका घेतली असती तर मी त्याला गाडीतून उतरवले असते.

बायको गेल्यानंतरची गोष्ट. शिकवण्याची पांढरी गाडी दुरुस्तीहून आली होती आणि मी तिच्यात नेहमीसारखा शिकवत होतो. एक दिवस मेस्त्री स्कूलच्या दारात आला.

“मास्तर, रॉड आला बरं का तुमचा. उद्या गाडी पाठवा, जोडून टाकतो.”

“कसला रॉड?”

“तुमच्या बाजूचं पेडल ब्रेकला जोडतो तो. वाकला होता म्हणून काढून नाही का ठेवला? तुमच्या मुलाला सांगितलं होतं मी.”

“अरे, महिनाभर मी ब्रेक मारतोय त्या गाडीत!”

“मारत असाल,” तो म्हणाला. “पेडल खडखडू नये म्हणून मी खाली स्प्रिंग बसवून दिली होती. स्प्रिंग दाबत होतात तुम्ही.”

मला ही थट्टा वाटली. मी त्याला स्टिअरिंगवर बसवले, स्वतः माझ्या जागेवर बसलो आणि माझ्या गॅरेजासमोरच्या उतारावर गाडी सोडायला लावली. पाय होता नव्हता तेवढ्या जोराने दाबला. गाडी आपली चालतच राहिली. खालच्या भिंतीपाशी मेस्त्रीने ती थांबवली.

ऑफिसातून धाकटा आला. मेस्त्रीला पाहून त्याचा चेहरा पडला. “बाबा, सांगायचं राहून गेलं,” तो म्हणाला. “पण काही झालं तर नाही ना?”

काही झाले नव्हते, हेच तर मला झोंबले. महिनाभर सायकली आल्या होत्या, कुत्री आडवी गेली होती, सिग्नल लाल झाले होते आणि गाडी प्रत्येक वेळी थांबली होती. ती शिकाऊंनी थांबवली होती. मी स्प्रिंग दाबून त्यांना झापत होतो, आणि ते माझे आभार मानत होते. मी उतारावर गाडीत बसून राहिलो. मेस्त्रीला वाटले मला चक्कर आली. त्याने पाणी आणले. मला त्या वेळी थोरली आठवत होती.

कलम ५. थोरली मुलगी.

तिने शिकायला सुरुवात केली त्याच आठवड्यात बाजाराजवळच्या वळणावर मी एक अपघात पाहिला होता. तिच्याच वयाची मुलगी होती. तिची चप्पल रस्त्यावर पडलेली मला दिसली आणि ती डोळ्यांपुढून हलेना. त्या वळणावरून मी हजारो लोक सुखरूप नेले होते, ते सगळे पुसले गेले आणि ती एक चप्पल राहिली. मग थोरली स्टिअरिंगवर बसली की माझा पाय आधीच ब्रेकवर. समोर काही दिसायच्या आत मी दाबायचो. इतर कोणासाठी दाबला नसेल इतका तिच्यासाठी दाबला, आणि मग तेच माप तिला लावले. तिचा पाय ब्रेककडे निघालेला असायचा का? आता कोण सांगणार! तो पोहोचायच्या आत माझा पोहोचलेला असायचा.

“बाबा, मी दाबतच होते,” ती म्हणायची.

“सगळे असंच म्हणतात,” मी म्हणायचो.

परीक्षेला मी तिचे नाव पाठवले नाही. तिच्या आईच्या देखत तिला सांगितले, “तुझा पाय वेळेवर जातच नाही. तू गाडी चालवलीस तर कोणाचा तरी जीव घेशील.” तिने पुन्हा गाडीचे नाव काढले नाही. मी मनात म्हटले, बघा, तिलाही पटले.

नंतर काही वर्षांनी एका सकाळी हिला, माझ्या बायकोला, स्वयंपाकघरात अर्धांगवायूचा झटका आला. घरात फक्त थोरली होती. मी शिकाऊला घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर होतो, आणि शिकवताना फोन बंद ठेवायचा हा माझाच नियम. अँब्युलन्स बोलावली होती, ती बाजारातल्या खोळंब्यात अडकली. दारात स्कूलची गाडी उभी होती. किल्ली खिळ्यावर होती. थोरलीने ती हातात घेतली, आईला उचलून पायरीपर्यंत आणले, आणि तिथेच तिचे डोके मांडीवर घेऊन बसून राहिली. अँब्युलन्स आली तेव्हा किल्ली तिच्या मुठीतच होती. डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर आणायला हवं होतं. ही वाचली, पण तिची एक बाजू आणि तिची वाचा गेली ती गेलीच.

हॉस्पिटलच्या बोळात मी सगळ्यांसमोर थोरलीला म्हणालो, “दारात गाडी उभी होती. किल्ली हातात होती. एवढं कळू नये?”

तिने माझ्याकडे पाहिले. “तुम्हीच सांगितलं होतंत ना,” ती म्हणाली, “की मी कोणाचा तरी जीव घेईन?”

त्या दिवशी मला रस्ता अगदी लख्ख दिसत होता. काय करायला हवे होते, कोणत्या गल्लीतून जायला हवे होते, सगळे. घडून गेल्यावर मला दिसले ते तिला घडत असताना दिसायला हवे होते, असे मी धरून चाललो. सगळे खापर तिच्या डोक्यावर फोडले आणि घरी येऊन जेवलो. पुढे ती नोकरीसाठी बाहेर गेली. आईला भेटायला बसने यायची, तिचे केस विंचरायची, तिच्याशी तासन्‌तास एकटीच बोलायची, आणि बसने जायची. ही तिचा हात सोडत नसे. मी खोलीत आलो की थोरली बोलणे तोडून कंगवा उचलायची.

मेस्त्रीबरोबर त्या उतारावर जे कळले त्यावरून थोरली उत्तम चालवायची हे सिद्ध होत नाही. उगाच दुसऱ्या टोकाला जाऊन तिची खोटी पाठ थोपटणार नाही. सिद्ध होते ते एवढेच की ती वाईट चालवते हे मला कधी माहीतच नव्हते. मी तिला कधी पाहिलेच नाही. मी माझ्या पायाकडे पाहत होतो. तिच्या आईच्या बाबतीत जे झाले ते माझ्या शब्दाने झाले. पोरी, त्यात तुझी चूक कणभरही नव्हती. हे मी तुला तोंडाने सांगायला हवे होते. फोन उचलायचो आणि बसची वेळ विचारून ठेवून द्यायचो.

सबब, मी तिला एक मोटार देतो. आधी मी लिहिणार होतो की जी गाडी त्या सकाळी दारात उभी होती तीच द्यावी. वकीलबाईंनी, म्हणजे माझ्या जुन्या विद्यार्थिनीने, विचारले, “मास्तर, ती गाडी तिच्या दारात उभी राहिली तर तिला रोज काय दिसेल?” माझ्या मनात ते आलेच नव्हते, मी माझ्या पश्चात्तापाला काय शोभेल ते पाहत होतो. ती गाडी भंगारात काढली. तिच्याऐवजी नुकतीच घेतलेली छोटी करडी गाडी द्यावी, तिच्यात ब्रेक एकच आहे. गाडी तिला मिळावी, मात्र तिने वर्षाच्या आत शिकून परवाना काढला पाहिजे, न काढल्यास गाडी धाकट्याकडे

[वरील ‘मात्र’पासून पुढचा मजकूर मीच खोडला आहे. मेल्यावरही माझा पाय मध्ये यायला नको. – सही]

कलम ६. राहते घर, अंगण आणि ते रुंद केलेले फाटक दोघा मुलांना सारखे द्यावे.

कलम ७. हे कलम आजच, सही करण्याआधी, जोडत आहे.

थोरलीला मीच फोन केला होता. पाचवे कलम फोनवर वाचून दाखवायला घेतले आणि अर्ध्यात कागद खाली ठेवला. ती म्हणाली, “मी येते.” आज ती बसने आली. याच टेबलाशी बसून तिने पहिल्यापासून सगळे वाचले, टायरचे शेअरसुद्धा. दंतवैद्य सहीसाठी येऊन बसले होते, वकीलबाई होत्या, धाकटा चहा करत होता. वाचून झाल्यावर तिने कागद सारखे केले.

“आईला हे सांगितलं होतंत?” तिने विचारले.

“मला कळलं तेव्हा ती नव्हती गं.”

ती उठून खिडकीपाशी गेली. तिला रडू येत होते आणि माझ्यासमोर रडायचे नव्हते. मग ती वकीलबाईंकडे वळली.

“साक्षीदार कोण आहेत?”

“हे डॉक्टर, आणि माझ्या ऑफिसातली टायपिस्ट. ती येतेय.”

“टायपिस्टऐवजी मी सही केली तर?”

वकीलबाई म्हणाल्या, “मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. झालात तर तुमच्या वाट्याचं सगळं जाईल. गाडी, अर्धं घर, सगळं.”

“चालेल.”

“अगं, अर्धं घर आहे ते!” धाकटा आतून ओरडला.

“मला घर नको आणि गाडीही नको,” ती म्हणाली, मग पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलली. “बाबा, तुम्ही हे शुद्धीत असताना लिहिलंत. कोणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःहून. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असं मला खाली लिहून द्यायचंय. दुसरं काही नको.”

तिला समजवायला मी तोंड उघडले. शब्द अगदी ओठांवर होते: तुला कळत नाहीये, घाई करू नकोस, मागाहून पस्तावशील. मी तोंड मिटले. तिच्या निर्णयात मला मोठा तोटा दिसतो. पण माझ्या दिसण्याचा भरवसा मी वर लिहिलाच आहे.

सबब कलम दोनमधील तिचा वाटा, कलम पाचमधील गाडी आणि कलम सहामधील तिचा वाटा रद्द. हे सर्व धाकट्याला जावे. कलम पाचमधला बाकीचा मजकूर मात्र आहे तसा राहावा. वकीलबाई म्हणतात त्याला कायद्याने काही अर्थ नाही, तरी राहावा.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी लिहून, वाचून, जिथे खोडले तिथे सही करून पुरे केले.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती

(सही)
लिहून ठेवणार, मास्तर

साक्षीदार:

१. (सही) शेजारी, दंतवैद्य. मास्तरांनी माझ्यासमोर सही केली.

२. (सही) लिहून ठेवणाऱ्याची मुलगी. बाबांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत होते. पाचवे कलम मी दोनदा वाचले.